सोलापुरात परत यावं का? भीमा-सीनेच्या पट्ट्यातल्या राहण्याविषयी

सीनाकाठ
८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं हा विषय आमच्या घरात आठवड्याआड निघतो आणि तसाच राहतो, म्हणून आज इथं मांडतोय.

मी मूळचा सोलापूरचा. इंजिनिअरिंग वालचंदला झालं आणि बॅचमधल्या निम्म्या पोरांबरोबर मीही पुण्याची गाडी धरली. त्याला आता पंधरा वर्षं झाली. बायको साताऱ्याची, मुलगी तिसरीत. आई-वडील सात रस्त्याजवळच्या जुन्या घरात दोघंच असतात आणि वडिलांची बायपास झालेली आहे. माझं काम आता महिन्यातले चार दिवस सोडले तर घरूनच चालतं. म्हणजे परत यायला अडचण नोकरीची नाही. मनाची तयारी होत नाही, एवढंच.

दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी मुलीला घेऊन सिद्धेश्वर तलावावर गेलो. घरून चालत वीस मिनिटं. देवळाच्या पुलावर उभं राहून तिनं माशांना लाह्या टाकल्या, भुईकोट किल्ल्याच्या भिंतीमागं सूर्य जाताना पाहिला आणि परत येताना वाटेत आजोबांच्या ओळखीची चार माणसं भेटली. चौघांनीही तिला "कुणाची गं तू?" म्हणून विचारलं. पुण्यात आमच्या सोसायटीत ऐंशी घरं आहेत, आणि तिला आजवर हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

पण पाडव्याची संध्याकाळ म्हणजे वर्ष नव्हे, हे मला कळतं. मे महिना आहे, पाणी आहे, शाळा आहेत. शिवाय मला वाटतं, सोलापूरचा हिशेब नुसत्या शहरापुरता करून चालत नाही. एका अंगाला सीना, खाली दक्षिणेला भीमा, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर, पलीकडं विजापूर, असा अख्खा पट्टा धरूनच इथलं राहणं मोजावं लागतं. जे तिथं राहतात, जे परत गेले, जे जाऊन पुन्हा निघाले, त्या सगळ्यांनी मोकळेपणानं लिहा.

बाहेरून_आलेली
९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मी रत्नागिरीची. २००९ साली पदव्युत्तर शिक्षणासाठी इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आले. तीन वर्षांनी निघायचं ठरलेलं होतं. निघाले नाही.

का, ते सांगते. आमच्या ओपीडीत सोलापूर जिल्ह्याचे पेशंट तर असतातच, पण धाराशिवचे, विजापूरचे, कलबुर्गीकडचेही असतात. पहिल्या महिन्यात मला कुणाचं काही कळेना. मग एका वयस्कर सिस्टरांनी शिकवलं: कन्नडमध्ये दुखण्याला 'नोवु', तेलुगूत 'नोप्पी', आणि दखनी बोलणाऱ्या आज्जीला 'दर्द कां है अम्मा' असं विचारायचं. हे तीन शब्द शिकल्यावर लोकांचे चेहरे बदलायला लागले. आज मी चार भाषांत हिस्टरी घेते, सगळ्या मोडक्यातोडक्या. लोक चुका सांभाळून घेतात, कारण इथं प्रत्येक घरात कुणी ना कुणी दुसऱ्याची भाषा मोडकीतोडकी बोलतच असतं.

दुसरं म्हणजे वेळ. घर जुळे सोलापूर या उपनगरात, काम शहराच्या मध्यात. रात्री दोनला फोन आला तरी पंधरा मिनिटांत वॉर्डात असते. मुलाचं गॅदरिंग अर्ध्यात सोडून जाऊन पेशंट बघून परत येते, आणि त्याचा नाच माझ्या डोळ्यांसमोर होतो. मोठ्या शहरात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या गप्प होतात.

तुमच्या वडिलांचं म्हणाल, तर हृदयाचे उपचार इथं चांगले होतात. अगदी गुंतागुंतीचं काही निघालं तर पुणं किंवा हैदराबाद गाठावं लागतं, ते खरंय. पण रात्री छातीत कळ आली तर पहिल्या अर्ध्या तासात कोण जवळ आहे, याला फार महत्त्व आहे. हे मी डॉक्टर म्हणून लिहितेय.

पाण्याचा_दिवस
९ नोव्हेंबर, दुपारी १.०५

डॉक्टरताईंचं सगळं पटलं. पण दादा, आधी पाण्याचं बोलू या. बायकोला पुण्याहून इथं आणणार असाल तर तिला हे लग्नाआधीच्या गोष्टीसारखं आधीच सांगा.

मी कोल्हापूरची. माहेरी नदी गावातच. लहानपणी घाटावर पाय सोडून बसायचो, पंचगंगेचं पाणी हाताला लागायचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाईंना विचारलं, नदी कुठं आहे? त्या म्हणाल्या, "नळात आहे गं. आली की दाखवते."

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. वेळ ठरलेली नाही. कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. आधी नळातून नुसती हवा येते. तो फुसफुस आवाज मला झोपेतही ऐकू येतो. मग थोडं तांबूस पाणी, ते बादलीत धरून बाजूला ठेवायचं, फरशीला होतं. मग नितळ. त्याला पहिला मान पिण्याच्या हंड्यांचा, मग स्वयंपाकाच्या टाकीचा, मग मोरीतल्या पिंपाचा, मग मोटर लावून गच्चीवर. तोवर समोरच्या काकूंच्या घरात दिवा लागला नसेल तर जाऊन कडी वाजवायची. आमच्या गल्लीत पाण्याच्या दिवशी कुणाला झोपू देत नाहीत. गेल्या वर्षी मला डेंग्यू झाला होता, तेव्हा पंधरा दिवस आमच्या घरचं पाणी शेजारणींनी भरलं. मला उठूही दिलं नाही.

शेजारणींचा जीव मोठा आहे, पण बाईच्या झोपेवर शहर चालवणं बरोबर नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी बोलत आलेय आणि इथंही बोलते. सोलापूर मला आवडतं म्हणूनच बोलते.

उजनी११७
९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

पाण्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून ताईंच्या प्रतिसादाला जोडून थोडं सविस्तर लिहितो.

सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून येतं. एक, उजनी धरणातून थेट जलवाहिनीनं, शंभराहून जास्त किलोमीटर, पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात. दोन, भीमेवरच्या टाकळीहून, सोरेगावला. तीन, हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. हा एकरुख १८७१ सालचा, म्हणजे दीडशे वर्षं झाली, अजून कामाला येतो.

यातला टाकळीचा मार्ग समजून घेतला की सगळी अडचण समजते. उन्हाळ्यात नदी कोरडी असते. मग शहरासाठी उजनीतून भीमेत पाणी सोडायचं. ते पंढरपूर, माचणूर करत आठ-दहा दिवसांनी टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यात पोचतं. वाटेत वाळू पिते, ऊन पितं, काठावरच्या मोटारी पितात. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून सोडावं लागतं. म्हणून तर उजनीच्या जुन्या वाहिनीला समांतर अशा दुसऱ्या जलवाहिनीची योजना आली.

उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. १९८० साली धरण झालं तेव्हा या जिल्ह्यात ऊस किती होता आणि आज किती आहे ते बघा. तीसहून जास्त साखर कारखाने एका जिल्ह्यात. ऊस वाईट असं मी म्हणणार नाही, त्यानं घरं उभी केली. पण धरण भरलेलं असताना शहरात पाचव्या दिवशी पाणी येतं, तेव्हा दोष पावसाचा नसतो. टाक्या, शहरातली जुनी वाहिनी, गळती, वाटप, तिथं काम अडलेलं असतं. ते करता येण्यासारखं आहे. मी ते करण्यासारखं आहे याच विश्वासावर सोलापुरात घर बांधलं.

सीनाकाठ, तुम्हाला व्यवहाराचा सल्ला: घर घेताना आधी जमिनीतली टाकी बघा, मग हॉल. माणशी किती लिटर, किती दिवस, हा गुणाकार करा आणि त्याच्यावर दोन दिवस जास्तीचे धरा.

पुण्यातच
१० नोव्हेंबर, सकाळी ११.२०

माझा अनुभव वेगळा आहे, तोही लिहितो. मी २०१९ मध्ये परत गेलो आणि २०२२ मध्ये पुन्हा पुण्यात आलो.

घरून काम चालू होतं तोवर उत्तम चाललं होतं. मग ते काम सुटलं. सोलापुरात माझ्या कामाची दुसरी नोकरी शोधायला लागलो तेव्हा कळलं, की इथं एक दार बंद झालं तर शेजारी दुसरं दार नाही. पगार निम्म्यावर आला असता तर चाललं असतं, पण कामच निराळं करावं लागणार होतं. बायको आर्किटेक्ट, तिलाही हीच अडचण. सहा महिने बसून काढले. आई रोज विचारायची, "झालं का रे काही?" आणि तिच्या विचारण्यातली काळजी मला सहन होईना.

सोलापूरबद्दल माझी एकच तक्रार आहे, आणि ती आपल्या सगळ्यांची असावी. विद्यापीठ झालं, २००४ पासून एका जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल, सगळं आहे. पोरं शिकून तयार होतात आणि पहाटेच्या गाडीत बसून जातात. सोलापूर-पुणे गाडीत रविवारी संध्याकाळी एकदा चढून बघा, प्रत्येक पोराच्या मांडीवर डबा आणि पिशवीत भाकरी-चटणी असते.

तुमचं काम पुढची दहा वर्षं घरून चालेल याची खात्री असेल तर जरूर जा. नसेल तर आधी तेवढं बघा. मनापासून लिहितोय, मोडता घालायचा म्हणून नाही.

सीनाकाठ
१० नोव्हेंबर, रात्री ११.००

पुण्यातच, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बायकोलाही वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्यांनी सांगितलं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस." खरंय. मी परत जाण्याबद्दल बोलतो तेव्हा तलाव, देऊळ आणि आईच्या हातची शेंगापोळी एवढंच बोलतो.

पाण्याचा_दिवस ताई, तुमच्या गल्लीचं वाचून मला आमच्या घरातलं तांब्याचं घंगाळ आठवलं. आजी पाणी आलं की त्याला हळद-कुंकू लावायची. आम्हाला तेव्हा वाटायचं, सगळीकडंच असं करतात.

पूर्वभाग
११ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

नोकरीवर चर्चा गेली म्हणून लिहितो. आम्ही पद्मशाली, तेलुगू विणकर. पणजोबा करीमनगरकडून चालत आले असं घरात सांगतात. इथं गिरण्या निघाल्या होत्या, जुनी मिल १८७७ ची, आणि मागाचं काम हातात असलेल्या माणसाला पोट भरायला एवढं पुरेसं होतं. पुढं गिरण्या एकेक करून बंद झाल्या. माझ्या आजोबांनी गिरणीचा भोंगा बंद झालेला दिवस पाहिला. ते म्हणायचे, त्या दिवशी आख्ख्या गावाला वेळ कळेना.

पण गाव संपलं नाही. लोकांनी घरात, बोळात, पत्र्याच्या शेडमध्ये माग टाकले. आमच्या घराच्या खालच्या खोलीत दोन माग होते. जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ वरून फिरायची, त्यातल्या भोकाभोकांवर चादरीचा मोर ठरायचा. धोटा डावीकडून उजवीकडं गेला की खट्, परत आला की खट्. मी त्या आवाजावर पाढे पाठ केले. माग थांबला की माझी झोप मोडायची. वडिलांच्या पायाला दिवसभर उभं राहून गाठी आल्या होत्या, आणि रात्री आई त्यांच्या पायाला तेल लावता लावता उद्याच्या विडीचा पत्ता भिजवायची. विडी वळून आईनं माझ्या दोन बहिणी शिकवल्या. एक आज शिक्षिका आहे, एक नर्स.

म्हणून "सोलापुरात काम नाही" हे वाक्य मला टोचतं. काम फार आहे, दाम कमी आहे, आणि हीच आमची खरी लढाई. मी स्वतः मागावर गेलो नाही. गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे, चौदा बायका कामाला. शाळांचे गणवेश इथून देशभर जातात. सीनाकाठ, तुमच्यासारखी माणसं परत आली तर तुमचं काम पुण्याच्या कंपनीचंच राहील, पण तुमची ओळख, तुमचं शिकलेलं डोकं आमच्या उपयोगी पडेल. मला गेल्या वर्षी ऑनलाइन विक्रीचं एक साधं काम करून घ्यायचं होतं, माणूस पुण्याहून शोधावा लागला.

आणि नारळी पौर्णिमेला आमच्या मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा या. रथासमोर लोक मागच घेऊन चालतात आणि चालत्या गाडीवर कापड विणतात. मुलीला खांद्यावर घेऊन या, दिसेल तिला.

मालदांडी
११ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

शहरवाल्यांचं झालं, आता नदीकाठच्या गावाचं ऐका. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. या सप्टेंबरच्या शेवटी काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. आम्ही आमच्या माळवदावरून बघितलं.

सीना एरवी बारीक नदी. उन्हाळ्यात पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात. पण वरच्या अंगाला पाऊस कोसळला, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी, सगळ्या धरणांतून पाणी सुटलं, आणि रात्रीतून नदी गावात आली. लांबोटीला पुलाशी पाणी आलं, पुण्याचा हायवे बंद. तिऱ्ह्याचा पूल बंद, वडकबाळचा बंद. सोलापूरला जायला वाट नाही. माझी दीड एकर तूर, एक एकर कांदा गेला. त्याहून वाईट म्हणजे माती गेली. जी माती बापानं चाळीस वर्षं शेणखत घालून केली, ती चार तासांत गेली आणि खाली मुरूम उघडा पडला.

शहरातल्या लोकांनी त्या आठवड्यात काय केलं तेही लिहायला पाहिजे. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तसं ट्रॅक्टरनं भाकरी आल्या. कुणी पाठवल्या कळलं नाही. कापडात बांधलेल्या कडक भाकऱ्या, वर शेंगाचटणीच्या पुड्या. कडक भाकरी महिनाभर टिकते, हे इथल्या बायकांना ठाऊक म्हणून त्याच पाठवल्या. चादरी आल्या, गठ्ठेच्या गठ्ठे. माझ्या आईनं ज्या चादरीखाली ते आठ दिवस काढले, ती अजून घडी करून ठेवली आहे.

सीनाकाठ, तुम्ही म्हणता तसा हा सगळा मिळून एकच पट्टा आहे. नदी कोरडी पडली तर शहर तहानेलं, नदी चढली तर आम्ही बेघर. तरी मी कुठं जाणार नाही. आता रब्बीची ज्वारी पेरली आहे. राहिलेल्या रानात ओल चांगली आहे. संक्रांतीच्या आसपास हुरड्याला या. आगटीत कणसं भाजून हातावर चोळायची, गरम दाणे फुंकून, त्यावर शेंगाचटणी आणि कवडीचं दही. पुण्यात हुरडा पार्टीचं तिकीट असतं म्हणे. आमच्याकडं पाव्हणा रानात आला की झालं.

बाहेरून_आलेली
११ नोव्हेंबर, रात्री ८.१०

मालदांडी दादा, त्या आठवड्यात आमची वैद्यकीय टीम काठच्या गावांत होती. एका आजोबांनी तपासून घ्यायच्या आधी मला बसायला पाट दिला. घरात तेवढा एकच कोरडा पाट होता.

कुडलसंगम
१२ नोव्हेंबर, पहाटे ५.५५

शाळेत भूगोल-इतिहास शिकवून निवृत्त झालो. सगळ्यांचं वाचत होतो. पाणी, नोकरी, पूर, सगळं खरं आहे. मी या पट्ट्याचं एकच ठिकाण सांगतो आणि थांबतो.

विजापूर रस्त्यानं निघून आत वळलं की चाळीसेक किलोमीटरवर हत्तरसंग कुडल. तिथं सीना भीमेला मिळते. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावलेली सीना आणि भीमाशंकरच्या डोंगरातून निघालेली, पंढरपुरात चंद्रभागा म्हणवणारी भीमा, दोघींची भेट इथं होते. संगमावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे. त्याच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्यातली शेवटची ओळ अशी: 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचील तो विजयी होईल.

मी दर वर्षी नववीच्या मुलांना तिथं न्यायचो. आधी काही सांगायचो नाही. बॅटरीचा उजेड तुळईवर तिरका टाकायचा, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. मुलं एकेक अक्षर जुळवत. एका वर्षी एका मुलीनं, तिच्या घरात कन्नड बोलतात, सगळ्यात आधी ती ओळ वाचली आणि म्हणाली, "सर, हे तर कळतंय की!" हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कोरलेलं वाक्य सीमेवरच्या गावातल्या मुलीला कळलं. त्यानंतर शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात गेलो. तिथं उत्खननात सापडलेलं शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मुलं मोजायला बसायची, दर वेळी आकडा चुकायचा आणि पहिल्यापासून मोजणी.

लोक विचारतात, सोलापुरात बघायला काय आहे? उत्तरेला बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ झालंय, पण काळवीट दिसतात, आणि नशीब असेल तर लांडगा. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर पाहुणे पक्षी उतरतात. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला आहे. तिथंच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षं होती. एवढा मोठा बादशहा या नदीच्या काठावर चार वर्षं तळ देऊन बसला होता, आणि आज तिथं गुराखी दुपारची झोप काढतो. हे सगळं शहरापासून तासा-दीड तासाच्या आत आहे. रविवारी सकाळी निघून जेवायला घरी.

सीनाकाठ, मुलीला संगमावर न्या. बॅटरी विसरू नका.

पाण्याचा_दिवस
१२ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

मास्तर, सोळा वर्षं इथं राहते, कुडलला गेलेले नाही. या रविवारी जाते. पाणी शनिवारी येणार आहे, म्हणजे जमेल.

पुण्यातच
१२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

एक भर घालतो. मी वर लिहिलं ते कायम आहे, पण जाण्यायेण्याचं तेव्हापेक्षा खूप सुधारलंय. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे, सकाळी सहाला सोलापूरहून निघून साडेनऊच्या आत पुणं आणि दुपारी मुंबई. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची आहेच. जूनपासून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरपासून मुंबईचं. महिन्यातून चार दिवस ऑफिस असेल तर हे सहज जमण्यासारखं आहे.

आणि पूर्वभाग, तुमचं बोलणं लागलं. तुमच्या ऑनलाइन विक्रीचं काय अडलंय ते मला निरोपात कळवा. मी पुण्यातून करून देतो, पैसे नकोत. शाळेत असताना माझा गणवेशही पूर्व भागातच शिवलेला असायचा.

पूर्वभाग
१२ नोव्हेंबर, रात्री १०.४०

निरोप पाठवला, मालक. काम नीट झालं तर दाम घ्यावाच लागेल.

सीनाकाठ
२४ नोव्हेंबर, रात्री ११.२०

उशिरा लिहितोय, कारण मध्ये आम्ही तिघं आठ दिवस सोलापुरात राहून आलो. सुट्टी म्हणून राहिलो नाही. मी खालच्या खोलीत बसून रोजचं काम केलं, बायकोनं दोन शाळा बघितल्या, मुलगी एक दिवस त्यातल्या एका वर्गात बसली. आई मराठीत, शेजारची अम्मा तेलुगूत आणि दूधवाला कन्नडमध्ये बोलला, आणि तिसऱ्या दिवशी पोरीनं तिघांना आपापल्या भाषेत 'पाणी' म्हणून दाखवलं: पाणी, नीळ्ळू, नीरु.

पाणी मंगळवारी आलं, रात्री पावणेतीनला. बायकोला मुद्दाम उठवलं नाही. तीच उठली. आवाज ऐकून खाली आली, आईनं तिच्या हातात बादली दिली आणि दोघी पहाटे साडेचारपर्यंत पाणी भरत बसल्या. वडील खुर्ची टाकून अंगणात. मी हंडे उचलत होतो. पाणी गेल्यावर आईनं सगळ्यांना चहा केला. बायको म्हणाली, "मला हे रोज नको. पण आईंना हे एकटीनं करायला लावणं, हे मला आता कळल्यावर, जमणार नाही." त्यानंतर दोन दिवस तिनं या विषयावर काही बोललं नाही, मीही काढला नाही.

रविवारी कुडलला गेलो. मास्तर, बॅटरी नेली होती. मुलीला 'वाछि' वाचता आलं, पुढचं मी वाचलं. मग ती संगमावर खाली गेली आणि विचारलं, "ह्यातली आपली नदी कुठली?" मी डावीकडं बोट दाखवलं, मग उजवीकडं, आणि मग सांगितलं, पुढं जाते ती. पलीकडं कर्नाटकात एक माणूस म्हशी धूत होता, त्यानं हात केला, हिनंही केला.

ठरलं ते असं. येत्या जूनपासून, मुलगी चौथीत जाईल तेव्हा, एक वर्ष. पुण्याचं घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. बायकोनं एक अट घातली आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे: आम्ही जायच्या आधी अंगणात जमिनीखाली टाकी बांधून घ्यायची, म्हणजे रात्री तीनला कुणालाही उठावं लागणार नाही. माझी नोकरी सुटली तर काय, याचा कागद आम्ही दोघांनी बसून लिहिला. पुण्यातच, त्याबद्दल तुमचे आभार.

उजनी११७, तुमचा गुणाकार केला. पाच माणसं, प्रत्येकी शंभर लिटर, पाच दिवस, वर दोन दिवस. साडेतीन हजार लिटर येतात. अंगण बारा फूट बाय नऊ फूट आहे, कडेला आईचं पारिजातकाचं झाड आहे आणि ते काढायचं नाही. एवढ्या जागेत टाकी झाडाच्या मुळांपासून किती अंतरावर घ्यावी?

उजनी११७
२५ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

पाच हजाराचीच बांधा, पाहुणे येतील. मुळांपासून किती लांब ते नुसत्या अंदाजावर सांगत नाही, झाडाचा घेर आणि जमीन बघावी लागेल. अंगणाचा आणि झाडाचा फोटो निरोपात टाका. मी सात रस्त्यापासून लांब राहत नाही. तुमच्या वडिलांची हरकत नसेल तर रविवारी टेप घेऊन येतो.